रोजची लेन्स: शिवडीच्या मापाने

फेस्ट जवळ आला की आमच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "यार, मिररलेस घेतलाय. रोज वापरायला एकच छोटी झूम लेन्स घ्यायची तर कुठली?" मग जो तो आपापल्या लेन्सची आरती ओवाळायला लागतो. एकाला १८-१३५ शिवाय जग दिसत नाही, दुसऱ्याला एफ/२.८ नसलेली लेन्स म्हणजे खेळणं वाटतं, तिसरा म्हणतो पैसे साठव आणि सरळ फुल फ्रेम घे. विचारणारा बिचारा व्हायवाला उभा असल्यासारखा सगळ्यांकडे बघत राहतो.

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगची पोरं. असे वाद आरडाओरडा करून नाही, आकडे मांडून मिटवायचे असतात. मी शिवडीचा, म्हणून आकडे शिवडीतलेच घेतलेत. तुम्ही डोंबिवलीचे असा नाहीतर साताऱ्याचे, तुमच्या घराची, गल्लीची मापं टाकून हेच गणित करा. उत्तर वेगळं येईल, पण ते तुमचं असेल.

आरसा गेला, जागा झाली

आधी थोडी थिअरी, परीक्षेपुरती. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असायचा. तो वर-खाली व्हायला जागा लागायची, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसवावी लागे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं. नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे, सोनीच्या ई माउंटमध्ये १८. २००८ साली पॅनासोनिकचा जी-१ आला आणि मायक्रो फोर थर्ड्सपासून बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची ही लाट सुरू झाली. आरसा गेल्यामुळे लेन्सची मागची भिंगं सेन्सरच्या जवळ आणता आली आणि विशेषतः वाइड बाजूच्या लेन्सेस लहान करणं सोपं झालं.

पण फुकट काही मिळत नाही. सोनीची १६-५० पॉवर झूम (२०१२) बंद असताना जेमतेम ३० मिमी जाडीची, वजन ११६ ग्रॅम. ती इतकी छोटी आहे कारण भिंगांनी करायचं थोडं काम सॉफ्टवेअरवर ढकललंय. १६ मिमीला कच्ची फाइल उघडली तर सरळ भिंत पिंपासारखी फुगलेली दिसते आणि कोपरे काळवंडलेले असतात. कॅमेरा ते आपल्यापुढे येण्याआधीच सरळ करून देतो. कोपरे थोडे मऊ होतात, पण लेन्स खिशात मावते. हा सौदा आहे, फसवणूक नाही.

वाइड बाजू: दहा बाय सोळाची खोली

आमच्या काकांचं बिऱ्हाड शिवडीच्या बीडीडी चाळीत आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी, अशा चार ठिकाणी. एक खोली १६० चौरस फुटांची. वरळीत नव्या इमारतींतल्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्यामुळे त्यांचं घोडं मागे राहिलंय. पण आज ना उद्या त्या पडणारच. तेव्हा या खोलीतला गणपती आणि त्याच्यापुढे दाटीवाटीने बसलेलं अख्खं खानदान, हा फोटो नंतर कितीही महागडी लेन्स आणली तरी निघणार नाही. माझ्या दृष्टीने रोजच्या लेन्सची पहिली परीक्षा हीच.

खोली दहा बाय सोळा फूट धरू. मखर लांब भिंतीला, आपण समोरच्या भिंतीला पाठ टेकून. मधे दहा फूट म्हणजे तीन मीटर. आपली जाडी आणि कॅमेरा वजा केला तर माणसं साधारण अडीच मीटरवर. फ्रेममध्ये किती रुंदी मावेल याचं सूत्र सोपं आहे: अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंग्थ. एपीएस-सी सेन्सर २३.५ मिमी रुंद असतो.

१६ मिमीला: २.५ × २३.५ ÷ १६ = ३.६७ मीटर.
१८ मिमीला: २.५ × २३.५ ÷ १८ = ३.२६ मीटर.

फरक ४१ सेंटिमीटर. माणसाच्या खांद्यांची रुंदी ४५ सेंमी धरली तर १६ मध्ये एका ओळीत आठ जण बसतात आणि १८ मध्ये सात. कागदावर "दोनच मिलिमीटर" वाटतात, पण इथे एक आत्या फ्रेमबाहेर जाते. आणि आत्याला ते वर्षभर लक्षात राहतं!

मोबाइलची सवय असलेल्यांना हे जास्त जाणवेल. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा फुल फ्रेमच्या २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. एपीएस-सीचं १६ मिमी म्हणजे दीडपट, २४. तिथे हात लगेच बसतो. १८ म्हणजे २७, थोडं चिमटल्यासारखं वाटतं. (कॅननच्या एपीएस-सीला १.६ ने गुणा, मायक्रो फोर थर्ड्सला २ ने.)

लांबची बाजू: फ्लेमिंगोचा मोह

शिवडीत कॅमेरा घेतला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग फ्लेमिंगो काढलेस का?" हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत जेट्टीसमोरच्या चिखलावर गुलाबी चादर पसरते. या मोहापायी बरेच जण १८-१३५ घेतात. चला, तेही मोजू.

लेसर फ्लेमिंगो साधारण ९० सेंमी उंच. भरती-ओहोटीप्रमाणे पक्षी जवळ-लांब होतात, आपण १०० मीटर धरू. सेन्सरवरची उंची म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले पक्ष्याची उंची, भागिले अंतर. ५० मिमीला ती येते ०.४५ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात उभ्या ४००० पिक्सेलपैकी जेमतेम ११५. १३५ मिमीला ३११ पिक्सेल, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या ८ टक्के. ४०० मिमीला कुठे २३ टक्के होतात.

अर्थ काय? एकटा पक्षी, त्याची चोच, त्याचा डोळा हवा असेल तर १३५ सुद्धा तोकडी आहे. ते काम वेगळ्या, मोठ्या लेन्सचं. ती एखाद्या रविवारी मित्राकडून मागून आणा किंवा भाड्याने घ्या. हजारोंचा थवा आणि मागे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, असा फोटो हवा असेल तर ५० मिमी पुरते. थोडक्यात, फ्लेमिंगोसाठी रोजची लेन्स निवडू नका. वर्षातल्या चार सकाळींसाठी उरलेले ३६१ दिवस ओझं कशाला वाहायचं?

मग १८-१३५ वाईट का? मुळीच नाही. सोनीची ३२५ ग्रॅमची आहे, प्रवासाला झकास. ट्रेकला, किल्ल्यावर, लांबून मिरवणूक टिपायला उपयोगी. फक्त ती कशासाठी घेतोय हे स्वतःला ठाऊक असू द्या.

भोकाचं गणित

आता सगळ्यात गाजलेला मुद्दा, ॲपर्चर. एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. ५० मिमीला एफ/५.६ म्हणजे भोक साधारण ९ मिमीचं, एफ/२.८ म्हणजे १८ मिमीचं. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, प्रकाश चौपट. मोठं भोक म्हणजे मोठी काच, आणि मोठी काच म्हणजे वजन आणि पैसे. इथून सुटका नाही.

पण एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. किट लेन्सवर "३.५-५.६" लिहिलेलं असतं. म्हणजे १६ मिमीला ती एफ/३.५ असते. एफ/२.८ शी तुलना केली तर वाइड बाजूला फरक दीडपटीच्या जरासा वर, आणि ५० मिमीला चौपट. म्हणजे महागड्या लेन्सचे पैसे खरे वसूल होतात ते लांबच्या बाजूला.

उदाहरण घ्या. रात्री चाळीच्या गॅलरीत ट्यूबलाइटखाली कॅरम रंगलाय. असा प्रकाश आयएसओ १६०० आणि एफ/२.८ ला साधारण १/१२५ सेकंद देतो. स्ट्रायकर मारणारा हात थोडाफार गोठवायला एवढा वेग तरी लागतोच. किट लेन्स ५० वर नेली की एफ/५.६, वेग १/३०. हात पुसट. वेग तोच ठेवायचा तर आयएसओ ६४००, म्हणजे फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे.

"पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे!" छान. ते तुमचा हात हलला तर सांभाळतं, कॅरम खेळणाऱ्याचा नाही. गणपतीपुढे सगळे श्वास रोखून बसलेत, तिथे ते कामाचं. पोरं नाचतायत तिथे नाही. हेही बघा की सोनी ए६४००, निकॉन झेड५०, कॅनन आर५० यांच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. अशा बॉडीवर ते लेन्समध्ये आहे की नाही हे महत्त्वाचं ठरतं.

वजन आणि हार्बर लोकल

सकाळी शिवडी स्टेशनवर लोकलमध्ये शिरणं हा स्वतंत्र प्रॅक्टिकलचा विषय आहे. बॅगेत लॅपटॉप, डबा, फाइल, कधी मिनी ड्राफ्टर. त्यात कॅमेरा. सोनी ए६४०० ची बॉडी बॅटरीसकट ४०३ ग्रॅम धरून बेरीज करू:

• १६-५० किट लेन्स (११६ ग्रॅम): एकूण ५१९ ग्रॅम
• सिग्मा १८-५० एफ/२.८ (२९० ग्रॅम): एकूण ६९३ ग्रॅम
• टॅमरॉन १७-७० एफ/२.८ (५२५ ग्रॅम): एकूण ९२८ ग्रॅम

टॅमरॉनमध्ये वाइडही जवळपास पुरेसं, लांबीही जास्त, भोकही मोठं, स्टॅबिलायझेशनही आहे. कागदावर शंभर पैकी शंभर! पण लांबी बारा सेंटिमीटर, आणि बॉडी धरून जवळजवळ एक किलो. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने ती जरूर घ्यावी. रोज कॉलेजला नेणाऱ्याची ती तिसऱ्या आठवड्यात कपाटात जाते, आणि कपाटातली लेन्स कितीही चांगली असली तरी फोटो काढत नाही. शिवडी-वरळी कनेक्टरच्या कामासाठी एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. बंद होण्याआधीचा त्याचा शेवटचा गर्दीचा दिवस ज्यांना मिळाला, त्यांच्या बॅगेत त्या दिवशी कॅमेरा होता, एवढंच.

इतर कंपन्यांतही हेच तीन गट सापडतील. फुजीची १८-५५ एफ/२.८-४ (३१० ग्रॅम) मधल्या गटातली. निकॉनची १६-५० (१३५ ग्रॅम) आणि कॅननची १८-४५ (१३० ग्रॅम) हलक्या गटातल्या. सिग्माची १८-५० फुजी आणि कॅननसाठीही निघाली आहे.

दुकानात जाण्याआधी

फोर्टात बोरा बाजारात फेरी मारलीत तर नवं-जुनं दोन्ही बघायला मिळेल. सेकंडहँड घेत असाल तर एवढं कराच:

• मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत द्या, भाव करू नका.
• समोरच्या विटांच्या भिंतीचा किंवा कॅलेंडरचा फोटो काढा आणि चारही कोपरे झूम करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर आतलं भिंग सरकलंय.
• झूम दोन्ही टोकांना पाच-सहा वेळा फिरवा. पॉवर झूम असेल तर मोटर अडखळते का ते ऐका.
• बिल मागा.

आपल्याकडे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स दर वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. सिग्माला माउंटपाशी रबरी सील आहे, पण त्याचा अर्थ वॉटरप्रूफ असा नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवा. एवढा साधा उपाय पुरतो.

मग घ्यायची कुठली?

पहिलं काम: आत्ता आहे ती किट लेन्स महिनाभर वापरा आणि शेवटच्या पाचशे फोटोंची फोकल लेंग्थ कॉम्प्युटरवर बघा. प्रत्येक फोटोत ती नोंदलेली असते. बहुतेक फोटो १६ ला चिकटलेले असतील तर झूम नाही, वाइड हवीय. ५० ला असतील आणि दिवसाउजेडी असतील तर १८-१३५ चा विचार करा. ५० ला आणि रात्रीचे, हललेले असतील तर एफ/२.८.

माझ्या यादीत तिसरा प्रकार जास्त निघाला, म्हणून मी सिग्मा १८-५० निवडली. पण किट लेन्स विकली नाही, आणि तुम्हीही विकू नका. विकून हातात फारसं काही येत नाही. ती ११६ ग्रॅमची लेन्स बॅगेच्या छोट्या कप्प्यात पडून असते आणि गणपतीत काकांच्या खोलीत बाहेर निघते. १६ मिमीला भोकाचा फरक तसाही कमी, माणसं स्थिर बसलेली, स्टॅबिलायझेशन मदतीला. आठही जण मावतात.

ज्यांच्याकडे सध्या पैसे नाहीत त्यांनी मन छोटं करू नये. किट लेन्स ही निम्मी लढाई जिंकलेलीच असते, कारण ती बॅगेत असते. सेंटिमीटर टेप घ्या, घरची खोली मोजा, सूत्रात टाका. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी कोणी आरती सुरू केली तर त्याला फक्त विचारा, "तुझी खोली किती फुटांची?"