शेतजमिनीची विक्री आणि तिचा दस्त : बारामती-इंदापूर

शेतजमीन विकताना भाव किती मिळेल याची चर्चा पुष्कळ होते. विक्री कोणत्या दस्ताने करावी याची क्वचितच. बारामती व इंदापूर तालुक्यांचा इतिहास पाहता ही उपेक्षा आश्चर्यकारक वाटते. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी जो उठाव झाला, त्याच्या लाटेत पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हस्तगत करून जाळले. पुढे १८७९ च्या दख्खनमधील शेतकऱ्यांविषयीच्या कायद्याने न्यायालयांस दस्ताच्या शब्दांपलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

नडलेल्या शेतकऱ्याचा जुना मार्ग म्हणजे ‘मुदत खरेदी’. जमीन विकली असे लिहून द्यावयाचे व ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास ती परत मिळावी, अशी अट ठेवावयाची. देणारा यास गहाण समजतो, घेणारा खरेदी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८ व्या कलमास १९२९ साली जोडलेल्या परंतुकानुसार, परतीची अट त्याच दस्तात नसेल तर व्यवहार गहाण ठरत नाही. फरक मोठा आहे. गहाण सोडविण्याच्या दाव्यास तीस वर्षांची मुदत असते. केवळ पुनर्विक्रीचा करार असल्यास ठरलेला दिवस टळला की जमीन सामान्यतः गेली. तोंडी भरवशाची तर गोष्टच बोलावयास नको! सबब, तात्पुरती नड असणाऱ्याने उघड गहाणखत करावे आणि कायमची विक्री करणाऱ्याने बिनशर्त नोंदणीकृत खरेदीखत करावे, हेच श्रेयस्कर.

नीरा डाव्या कालव्याखालील बागायतीस गिऱ्हाईक लवकर मिळते, म्हणून तुकडा तोडून विकण्याचा मोह होतो. त्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी आहे. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये घेणारा सामान्यतः शेतकरीच असावा लागतो. कुळ म्हणून ३२ व्या कलमाखाली मिळालेल्या जमिनीस ४३ व्या कलमाचे बंधन असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षे लोटली असल्यास आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती विकता येते.

वारसाहक्काच्या जमिनीत आणखी एक अडचण संभवते. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाच्या २२ व्या कलमाने सहवारसांस खरेदीचा अग्रहक्क दिला असून, तो शेतजमिनीसही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. भाऊबहिणींस न विचारता परक्यास दिलेली जमीन त्यामुळे खरेदीखतानंतरही वादात सापडू शकते.