लक्ष्मीबाईंच्या हातातलं पदक

परवा आरे कॉलनीत आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका शाळकरी मुलीने विचारलं, "काकू, व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय हो?" मूळच्या माणगावच्या एक आजी चटकन म्हणाल्या, "अगं, आमच्या यशवंत घाडगेंना मिळाला तो! लढाईतल्या शौर्याचं इंग्रजांचं सगळ्यांत मोठं पदक."

मैत्रिणींनो, घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. मागे कोणी उरलं नाही हे ठाऊक असूनही ते एकटे धावले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपलं. पुन्हा गोळ्या भरायला वेळ कुठला? बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं 22!

लढाई इंग्रजांची, कुंकू मात्र माणगावचं पुसलं गेलं. व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून पदक घेतलं ते पत्नी लक्ष्मीबाईंनी. समाधीही नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव. 2023 मध्ये इटलीतल्या मोन्टोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

मुलीने वहीत यशवंतरावांचं नाव लिहिलं. आजींनी खाली लक्ष्मीबाईंचंही लिहायला लावलं.