मोटार रस्त्यावर येण्यापूर्वीचा धूर

मोटारीचे प्रदूषण म्हटले की सायलेन्सरमधून निघणारा धूर आठवतो. प्रत्यक्षात कार्बनचा हिशेब कारखान्यातच सुरू होतो. तेथे सर्वाधिक ऊर्जा रंगकाम विभागाला लागते. हवेचे तापमान व आर्द्रता सतत नियंत्रित ठेवावी लागते, रंग भट्टीत वाळवावा लागतो. राज्यातील वीज प्रामुख्याने कोळशावर तयार होत असल्याने प्रत्येक युनिटमागे उत्सर्जन वाढते.

महिंद्र अँड महिंद्रच्या इगतपुरी कारखान्याने ऊर्जाबचत, अपारंपरिक ऊर्जा व वृक्षलागवडीच्या आधारे २०१९ मध्ये ‘कार्बन-तटस्थ’ हे प्रमाणपत्र मिळवले. मात्र पोलादनिर्मिती आणि वाहतुकीचे उत्सर्जन कारखान्याच्या फाटकाबाहेर घडते. भिवंडीलगतच्या वळसारख्या गोदामांच्या पट्ट्यातून सुटे भाग नेणाऱ्या मालमोटारीचे डिझेलही अखेर त्याच मोटारीच्या खात्यावर मांडायला हवे.