भुयार, कवटी आणि बेल्जियन निर्वासित

इल्फर्डच्या मराठी घरांत मुलं दहाव्या वर्षापर्यंत धडाधड वाचतात. त्यामागे सरस्वतीची कृपा कमी आणि इलेव्हन-प्लस या ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा धाक जास्त. एकदा ती परीक्षा आटोपली की पुस्तकांची खोकी चॅरिटी शॉपकडे जातात आणि मूल फोनकडे. मग पुढची तीन-चार वर्षं आईबाबांचं एकच तुणतुणं: काही वाचतच नाही हो!

माझं मत विचाराल तर या वयाला ‘चांगलं’ पुस्तक देऊच नये. युद्ध द्यावं, नाहीतर खून द्यावा. दोन्ही एकाच पुस्तकात मिळालं तर सोन्याहून पिवळं! आणि असा माल शोधायला इल्फर्डकरांना फार लांब जावं लागत नाही.

सुरुवात पायाखालून करू. गँट्स हिल स्टेशनावर रोज ट्यूब पकडणाऱ्या पोराला विचारा, युद्धात इथून कुठली गाडी सुटायची? कुठलीच नाही! दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सेंट्रल लाइनचे बोगदे जवळजवळ खणून झाले होते, पण गाड्यांचा पत्ता नव्हता. इल्फर्डच्या प्लेसी कंपनीने १९४२ मध्ये लेटनस्टोन ते गँट्स हिल या जोडबोगद्यांत चक्क विमानांच्या सुट्या भागांचा कारखाना थाटला. प्रत्येक बोगदा सुमारे अडीच मैल लांब. आत सुमारे दोन हजार कामगार, त्यांत बायकाच जास्त, आणि माल इकडून तिकडे न्यायला छोटीशी रेल्वेसुद्धा. वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला खाली काय चाललंय याचा पत्ता नाही. प्रवासी गाड्या आल्या त्या थेट डिसेंबर १९४७ मध्ये. गँट्स हिलचा तो उंच कमानदार हॉल मॉस्को मेट्रोवरून सुचलेला आहे, वास्तुरचनाकार चार्ल्स होल्डन.

हे ऐकून ज्या मुलाने फोन खाली ठेवला, त्याच्या हातात लगेच पुस्तक द्यायचं. कोणतं? इल्फर्डच्याच मुलीचं!

नीना बॉडेन. जन्म इल्फर्ड, १९२५. शिक्षण इल्फर्ड काउंटी हायस्कूलमध्ये. १९३९ च्या सप्टेंबरात लंडनवर बॉम्ब पडणार म्हणून मुलांना गावोगावी हलवलं, गळ्यात नावाची चिठ्ठी आणि हातात गॅस मास्कचा डबा देऊन. नीनाही चौदाव्या वर्षी अशीच घरातून निघाली आणि शेवटी वेल्समधल्या ॲबरडेअर या खाणकामगारांच्या गावी पोचली. १९७३ मध्ये तिने त्यावर ‘कॅरीज वॉर’ लिहिलं. इंग्लंडच्या शाळांत हे पुस्तक युद्धकथा म्हणून देतात, पण ती अर्धीच गोष्ट. कॅरी आणि तिचा धाकटा भाऊ निक एका खडूस दुकानदाराकडे राहतात, आणि दरीतल्या एका जुन्या घरात आहे एक कवटी. घराबाहेर नेली तर घराचा सत्यानाश, अशी त्या कवटीची ख्याती. पुढे कॅरी काय करते ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या एका कृत्याचं ओझं ती मोठी होऊन, स्वतःची मुलं झाल्यावरही वागवते. बॉम्ब जवळजवळ नाहीतच. मोठी माणसं एकमेकांशी का बोलत नाहीत, हेच खरं रहस्य. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना याच रहस्यात सर्वांत जास्त रस असतो, फक्त ती तसं कबूल करत नाहीत.

नीनाबाईंबद्दल आणखी थोडी चटणी. मुलांसाठी लिहू लागण्याआधी त्यांनी मोठ्यांसाठी रहस्यकथा लिहिल्या. पहिली कादंबरी १९५३ ची ‘हू कॉल्स द ट्यून’. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात त्यांच्याबरोबर मार्गारेट रॉबर्ट्स नावाची मुलगी होती. नीनाने तिला मजूर पक्षात ओढायचा प्रयत्न केला, तो फसला. ती मुलगी पुढे मार्गारेट थॅचर म्हणून पंतप्रधान झाली!

आता खून.

आगाथा ख्रिस्तीचं पहिलं पुस्तक ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’. सगळे त्याला हवेलीतली खूनकथा म्हणतात. पण नीट बघा, ही पहिल्या महायुद्धाची गोष्ट आहे. कथा सांगणारा हेस्टिंग्ज आघाडीवरून जखमी होऊन परतलेला आहे. आणि तो अंडाकृती डोक्याचा, मिशांना पीळ देणारा गुप्तहेर पॉयरो? तो जर्मनांनी देश व्यापल्यामुळे इंग्लंडच्या आसऱ्याला आलेला बेल्जियन निर्वासित. ख्रिस्तीबाई तेव्हा टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं देण्याचं काम करत होत्या, त्यामुळे पुस्तकातलं विष इतकं बिनचूक आहे की औषधशास्त्राच्या नियतकालिकाने कौतुक केलं. हे ‘स्टाइल्स’ गाव कुठल्या परगण्यात? एसेक्समध्ये. इल्फर्डही १९६५ पर्यंत एसेक्समध्येच होतं. म्हणजे पॉयरो आपल्या गाववाल्यांपैकीच म्हणायला हरकत नाही. परदेशातून आलेला, उच्चारांवरून हसू करून घेणारा आणि तरी सगळ्यांच्या पुढे जाणारा. इल्फर्ड लेनवरच्या कुठल्याही घरात त्याला चहा मिळाला असता.

दुसऱ्या महायुद्धातली ख्रिस्ती तर आणखी भारी. १९४१ च्या ‘एन ऑर एम?’ मध्ये टॉमी आणि टपेन्स हे जोडपं समुद्रकाठच्या लॉजमध्ये जर्मन हेर शोधतं. त्यात एका कंटाळवाण्या पात्राचं नाव मेजर ब्लेचली. झालं! एमआय-फाइव्ह या गुप्तचर संस्थेच्या पोटात गोळा. ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संकेत फोडतात, हे या बाईला कळलं कसं? तिथले संकेततज्ज्ञ डिली नॉक्स बाईंच्या ओळखीचे, त्यांनी हळूच विचारून पाहिलं. उत्तर आलं, रेल्वेने जाताना एकदा ब्लेचली स्टेशनात ताटकळत बसावं लागलं, त्याचा राग नावावर काढला.

इल्फर्डवरून पुढे चेम्सफर्डकडे जाणारी रेल्वे विदमलाही थांबते. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स तिथे १९२९ पासून अखेरपर्यंत राहिल्या. मार्जरी ॲलिंगहॅमचं घरही एसेक्सच्याच एका खेड्यात. त्यांच्या ‘ट्रेटर्स पर्स’ (१९४१) मध्ये नायक हॉस्पिटलात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, फक्त एवढंच जाणवतं की देशावरचं काहीतरी भयंकर संकट आपल्यालाच थांबवायचंय. ‘बोअरिंग आहे’ म्हणणाऱ्या मुलांवर हे पुस्तक अक्सीर इलाज!

सोळाच्या पुढच्यांसाठी एक खरा खटला आहे. त्याआधी नको. ऑक्टोबर १९२२ मध्ये इल्फर्डच्या बेलग्रेव्ह रोडवर, नाटक बघून रात्री परतणाऱ्या पर्सी थॉम्पसनला भोसकून मारलं. मारेकरी फ्रेडरिक बायवॉटर्स, पर्सीची बायको एडिथ हिचा प्रियकर. चाकू तिच्या हातात कधीच नव्हता, पण तिची प्रेमपत्रं कोर्टात वाचली गेली. एडिथ कादंबऱ्यांची वेडी होती आणि पत्रांत पुस्तकांवर भरभरून लिहायची. नवऱ्याला विष घालणाऱ्या नायिकेच्या ‘बेला डोना’ या कादंबरीचा उल्लेखही तिच्याविरुद्ध वापरला गेला. ९ जानेवारी १९२३ रोजी दोघांना फाशी झाली. या प्रकरणावरून लेखकांनी पुढे किती लिहिलं! एफ. टेनिसन जेसी यांची ‘अ पिन टू सी द पीपशो’, सेयर्सबाईंची सहलेखनातली ‘द डॉक्युमेंट्स इन द केस’. दिग्दर्शक हिचकॉकलाही हा खटला सिनेमासाठी खुणावत होता. तो जवळच्याच लेटनस्टोनचा, आणि लहानपणी त्याला नाच शिकवणारे गृहस्थ म्हणजे एडिथचे वडील. कुमारवयीन वाचकाला विचारण्याजोगा प्रश्न असा: माणसाने काय वाचलं यावरून तो गुन्हेगार ठरतो का? घरात तासभर वाद पेटेल, खात्री बाळगा.

शेल्फवर झटपट टाकायची आणखी काही. बारा वर्षांच्यासाठी शिवॉन डाउडचं ‘द लंडन आय मिस्ट्री’, बंद पाळण्यात चढलेला मावसभाऊ उतरताना गायब! डाउड २००७ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांनी ठरवलेल्या शीर्षकावरून पुढचं पुस्तक रॉबिन स्टीव्हन्स यांनी लिहिलं. स्टीव्हन्सचंच ‘द मिनिस्ट्री ऑफ अनलेडीलाइक ॲक्टिव्हिटी’ १९४० च्या इंग्लंडमध्ये घडतं, हेरगिरी आणि खून एकत्र. उनाड मुलग्यांना रॉबर्ट वेस्टॉलचं ‘द मशीन गनर्स’ द्या, पडलेल्या जर्मन विमानातली मशीनगन पळवणारी पोरं भेटतील. ‘द बुक थीफ’ मात्र पंधरानंतर. त्यात गोष्ट खुद्द मृत्यू सांगतो, आणि रुमाल जवळ ठेवावा लागतो.

आणि मराठी? घरी मराठी बोलणारं पण वाचताना अडखळणारं मूल असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठ्याने वाचून दाखवा. फुरसुंगीचा बनेश फेणे आणि त्याचं ते ‘ट्टॉक’ इल्फर्डमध्येही चालतं. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा अशोक जैन यांच्या अनुवादात मिळतो, आणि १९८९ च्या एका कथेत तो थेट लंडनला येतो. युद्धाचं वेड लागलेल्याला वि. स. वाळिंबे यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’. जाड आहे, पण आजोबांनी दोन प्रकरणं वाचून दाखवली की बाकीचं आपोआप होतं. यशवंत घाडगे मात्र मला कुठल्याच कुमार कादंबरीत भेटलेले नाहीत. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा नाईक, जुलै १९४४ मध्ये इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. कुणीतरी लिहा हो!

नूर इनायत खान मुलींना हमखास आवडते. टिपू सुलतानाची वंशज, जातककथा लिहिणारी लाजरी मुलगी, १९४३ मध्ये वायरलेस ऑपरेटर म्हणून नाझींनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली. श्राबणी बसूंचं ‘स्पाय प्रिन्सेस’ हे तिचं चरित्र.

गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जात असाल तर मुलांना मोदकांबरोबर हेही द्या: टॉमी फ्लॉवर्सने संकेत फोडणारं कोलॉसस यंत्र १९४३ मध्ये याच डॉलिस हिलवरच्या पोस्ट ऑफिसच्या संशोधन केंद्रात बांधलं. चर्चिलच्या मंत्रिमंडळासाठी खणलेलं राखीव भुयारही तिथेच, ‘पॅडॉक’ नावाचं. चर्चिलना ते मुळीच आवडलं नाही.

पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. क्लेमेंट्स रोडवरच्या रेडब्रिज सेंट्रल लायब्ररीचं कार्ड फुकट आहे, आणि त्याच इमारतीत रेडब्रिजचं संग्रहालय. फक्त एक पथ्य पाळा. ख्रिस्तीचं ‘कर्टन’ आधी कुणाच्या हाती लागू देऊ नका. बॉम्बहल्ल्यात आपलं काही बरंवाईट झालं तर, म्हणून बाईंनी ते युद्धकाळातच लिहून कडीकुलपात ठेवलं होतं. १९७५ मध्ये बाहेर आलं तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. ‘कर्टन’ही त्याच स्टाइल्समध्ये घडतं. तेव्हा सुरुवात पहिल्या स्टाइल्सपासून, शेवट दुसऱ्या स्टाइल्सवर, आणि मधल्या तीस-एक कादंबऱ्यांसाठी जुलैच्या अखेरीला सुरू होणारी सहा आठवड्यांची सुट्टी आहेच.