दुसरें भिंग कोणतें घ्यावें?

कॅमेरा घेणें सोपें. खरी पंचाईत होते ती दुसऱ्या भिंगापाशीं. पहिलें भिंग, म्हणजे व्यवहारांत आपण ज्याला लेन्स म्हणतों तें, बहुधा कॅमेऱ्याबरोबरच येतें. तें पुष्कळदां १८ ते ५५ मिलिमीटरचें असतें. दुसरें मात्र आपल्या बुद्धीनें निवडावें लागतें, आणि खिसा हलका असला तर चूक सुधारण्यास वर्ष-दोन वर्षें थांबावें लागतें.

माझा एक जुना विद्यार्थी ह्याच विवंचनेंत माझ्याकडे आला. घर मालवणच्या किनाऱ्यावर, वडिलांचा रापणींत वाटा, गांठीशीं कसेबसे बारा हजार रुपये. त्याचे आजोबा दशावतारांत काम करीत. ह्या हंगामानंतर तोंडाला रंग लावणार नाहीं, असें त्यांनीं घरांत सांगून टाकलें होतें. मित्र मात्र म्हणत होते कीं पक्षी टिपणारें लांब पल्ल्याचें भिंग घे. "गुरुजी, लांबचें घेऊं कीं काळोखांतलें?" असा त्याचा प्रश्न.

मीं त्याच्यापुढें पाटीवरचें गणित मांडलें. वस्तूची लांबी भिंगाच्या नाभीय अंतरानें गुणावी व वस्तूपर्यंतच्या अंतरानें भागावी, म्हणजे कॅमेऱ्याच्या आंतील संवेदकावर पडणाऱ्या प्रतिमेची लांबी मिळते. दहा मीटरची होडी पांचशें मीटरवर असेल, तर ५० च्या भिंगानें तिची प्रतिमा १ मिलिमीटर पडते, २५० च्या भिंगानें ५. संवेदक सुमारें २४ मिलिमीटर रुंद. म्हणजे होडीला २५० चें भिंग बरें. पण चाळीस सेंटिमीटरचा पक्षी चाळीस मीटरवर बसला असतां त्याच भिंगानें अडीचच मिलिमीटर भरतो, चित्राच्या रुंदीचा जेमतेम दहावा भाग! आणि रापण ओढणाऱ्यांचें चित्र काढावयाचें तर आपण त्यांच्यांतच उभे असतों. तेथें जुनें भिंग पुरतें.

आतां प्रकाश. पहिल्या भिंगाचें छिद्र ५५ वर ५.६ ह्या आंकड्यापलीकडे उघडत नाहीं. ५० चें साधें, एकाच नाभीय अंतराचें भिंग १.८ पर्यंत उघडतें. आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाश छिद्राच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणें येतो. ५.६ ला १.८ नें भागून वर्ग केला तर जवळजवळ दहा येतात. पहिल्याला सेकंदाचा दहावा भाग लागेल तेथें ह्याला शंभरावा पुरतो. देवळापुढच्या उजेडांत दहाव्या भागांत नाचणारा संकासुर म्हणजे नुसता काळा धूर! तिवईनें आपला हात स्थिर होतो, संकासुर होत नाहीं.

ही अडचण नवी नव्हे. व्हिएन्नांत जोसेफ पेट्झ्‌वाल यानें १८४० मध्यें ३.६ आंकड्याचें भिंग सिद्ध केलें, तें माणसांचीं चित्रें घेतां यावींत म्हणूनच. त्यापूर्वीचीं भिंगें सृष्टिदेखाव्यांचीं, पंधरा-वीस पट मंद.

उघड्या छिद्राला एक किंमत द्यावी लागते. १.८ वर, दोन मीटरवरून, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्धी वीत खोल असतो. डोळे साधले तर मुकुटाची मागची बाजू सुटते. डोळेच साधावे.

जुनें भिंग स्वस्त मिळतें, पण कोंकणांतल्या माणसानें फार जपावें. मीं स्वतः एकदां फसलों आहें. मागच्या बाजूनें विजेरी लावून आरपार पाहावें; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी. कडें फिरवितांना वाळूची करकर ऐकूं आली तरी परत द्यावें. आणखी एक: निकॉनच्या "डी" जातीच्या ५० च्या भिंगांत मोटर नसते, ज्या कॅमेऱ्यांतही ती नाहीं, त्यावर केंद्र हातानेंच साधावें लागतें. पावसाळ्यांत भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. चामड्याच्या पिशवींत कदापि नको.

मुलानें नवें ५० चें घेतलें, आणि उरलेल्या पैशांत डबा व पुड्या. कार्तिकांतल्या जत्रेंत पहांटेपर्यंत तो रंगमंचापुढें बसून होता. त्या चित्रांतलें एक आजोबांनीं मागून घेतलें. तें नाटक सुरू होण्याआधींचें आहे. हातांत आरसा, आणि रंग अर्ध्याच तोंडाला लागलेला.