स्लॅबच्या जाडीत अडकलेले वजन

ठाणे-भिवंडी भागातल्या कशेळीसारख्या खाडीकाठच्या गावात विद्यार्थ्यांचे सातमजली वसतिगृह बांधायचे, तर पहिला विचार वजनाचा हवा. जमीन मऊ, गाळाची निघाली की पाइल घ्यावे लागतात आणि वर चढवलेल्या प्रत्येक टनाचा खर्च खाली पुन्हा करावा लागतो. आयएस ८७५ या मानकानुसार वसतिगृहाच्या खोलीत माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. दीडशे मिलिमीटर स्लॅबचे स्वतःचे वजन मात्र ३७५ किलो भरते! इमारत मुलांपेक्षा स्वतःलाच जास्त पेलत असते. म्हणून खरी बचत सिमेंटचा भाव पाडून होत नाही, ती नकाशावर होते. वसतिगृहाच्या खोल्या एकसारख्या असतात. सव्वातीन मीटरवरच्या आडभिंतींतच कॉलम-बीम बसवले आणि ते तळापर्यंत सरळ उतरवले, तर हिशेब करून सव्वाशे मिलिमीटरचा स्लॅब बहुधा पुरतो. पाचशे चौरस मीटरच्या सात मजल्यांत या २५ मिलिमीटरमुळे सुमारे २२० टन काँक्रीट वाचते. याउलट खाली पार्किंगसाठी कॉलम सरकवले, की वरचा सगळा भार पेलायला अवजड बीम घालावे लागतात आणि भूकंपात नेमका तोच मजला कच्चा ठरतो.

‘वाचवलेले सामान म्हणजे कच्ची इमारत’ ही भीती या भागात साहजिक आहे. २०१३ साली शिळफाट्याला बांधकाम चालू असतानाच इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. २०२०च्या सप्टेंबरात भिवंडीची जिलानी इमारत पहाटे झोपेतल्या माणसांवर पडली. पण शिळफाट्याची इमारत बेकायदा होती, काटकसरीच्या डिझाइनने ती पडली नाही. इंजिनिअर जाडी कमी करतो तेव्हा आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाचे सुरक्षा गुणक तसेच राहतात. चोरटा बांधकामवाला तेच गुणक खाऊन टाकतो. शिवाय भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात येतो, त्यामुळे हलकी इमारत इथे अधिक सुरक्षित. एका जागी मात्र काटकसर नकोच: सळईवरचे काँक्रीटचे कव्हर. खाऱ्या हवेत ते कमी पडले, की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

दुसरा आक्षेप असा, की एवढा बारीक हिशेब करायला वेळ आणि पैसा लागतो. लागतोच. पण इंजिनिअरची फी चौरस फुटावर ठरवली, तर आणखी आठवडाभर आकडेमोड करून स्लॅब पातळ करण्यात त्याला काय मिळणार? संस्थाचालकांनी नकाशा मंजूर करण्यापूर्वीच चौरस मीटरमागे किती काँक्रीट आणि किती किलो सळई लागेल हे लेखी मागावे, आणि दोन पर्यायी आराखड्यांचे आकडे शेजारी ठेवून मगच कॉलमच्या जागा पक्क्या कराव्यात.