पन्नास रुपयांची भूतदया

आजारी बैलाला चाबकाने फोडून काढले, म्हाताऱ्या घोड्याला टांग्याला जुंपले, बांधलेल्या जनावराला चारापाणी दिले नाही, तर पहिल्या गुन्ह्याला कायद्याने दंड किती? कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास! प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. त्याच्या कलम 11 मधला हा आकडा सहा दशके हलला नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला खरा. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे जिवंत बैलाचे हाल करणारा पन्नास रुपये फेकून मोकळा आणि तोच बैल खाटकाला विकणारा शेतकरी गुन्हेगार. ही दया बैलावरची की आणखी कशावरची, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

याच 1960 च्या कायद्याने भारतीय पशुकल्याण मंडळ जन्माला आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले, नेहरूंनी सरकारी कायद्याचे आश्वासन दिले आणि 1962 मध्ये मंडळ स्थापन होऊन त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाचे कार्यालय चेन्नईत होते, 2018 मध्ये ते हरियाणात बल्लभगडला गेले. कलम 9 वाचले तर मंडळाची कामे फार चांगली आहेत. पांजरपोळांना व निवाऱ्यांना अनुदान देणे, पाण्याचे हौद व गोठे बांधायला मदत करणे, पशुवैद्यकीय उपचार पोहोचविणे, ओढकामाच्या जनावरांचा भार हलका होईल अशा गाड्यांबद्दल सरकारला सल्ला देणे, लोकशिक्षण करणे. 1965 च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. पारा 37 अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन सक्तीची विश्रांती. साखर कारखान्याच्या रस्त्यावर ऊसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला हा नियम कोणी सांगितला आहे काय? आणि त्याच गाडीवर पहाटेपासून राबणाऱ्या ऊसतोड बाईला?

लोकशिक्षणाचे काम मंडळाने 2023 साली कसे केले, तेही आठवावे. 14 फेब्रुवारीला गाईला मिठी मारा, असे आवाहन काढले आणि देशभर हसे झाल्यावर चार दिवसांत मागे घेतले. याच मंडळाने जलिकट्टूविरुद्ध लढून 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा ऐतिहासिक निकाल मिळवला होता! पुढे राज्यांनी कायदे बदलले, 2023 मध्ये घटनापीठाने ते मान्य केले, आणि आपल्याकडे शर्यतीचे घाट पुन्हा गजबजले.

मला वकील म्हणून जास्त टोचतात ते 2017 चे नियम. खटल्यातील जप्त जनावरे निवाऱ्यात किंवा गोशाळेत ठेवायची आणि त्यांच्या पोसण्याचा खर्च मालकाकडून वसूल करायचा. वाहन जप्त असेल तर ते तारण. खटला चालतो वर्षानुवर्षे. निर्दोष सुटेपर्यंत चाऱ्याचे बिल बैलाच्या किमतीपलीकडे जाते, आणि गरीब माणूस बैल सोडून घरी जातो. कलम 29 मात्र सांगते की दोषी ठरल्याशिवाय मालकी हिरावता येत नाही. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न केंद्राला विचारला होता.

म्हणून काय आपण या विषयाकडे पाठ फिरवायची? आपल्यातले काही कार्यकर्ते तसे म्हणतात. ऊना, झज्जर आठवले की त्यांचा राग समजतो. मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून 2016 मध्ये माणसांना गाडीला बांधून फोडले गेले. झज्जरमध्ये 2002 साली पाच दलितांचे जीव घेतले गेले. परंतु प्राणिदया ही त्यांची मिरास नाही. यज्ञातील पशुहत्येला विरोध तथागतांनी केला. माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची व्यवस्था सम्राट अशोकाने शिलालेखात कोरली. आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. अहिंसा हे त्यांनी तत्त्व मानले, आंधळा नियम नव्हे. मटण खाणाऱ्याला तुच्छ मानून घोड्याच्या पाठीवरची जखम न पाहणारी अहिंसा या कसोटीला उतरत नाही.

तेव्हा आपल्या संघटनांनी दोन गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या तालुक्यातील गोशाळा व निवाऱ्यांना मिळालेल्या सरकारी अनुदानाचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा. पैसा किती आला, जनावरे किती, मेली किती, डॉक्टर किती वेळा आला. फलकावर देणगीदारांची नावे असतात. शेण उचलणारा, मेलेले ढोर ओढणारा कोणत्या वस्तीतून येतो आणि त्याला हातमोजे व किमान वेतन मिळते का, तेही त्याच अर्जात विचारावे. आणि जप्त जनावरांच्या खटल्यात पहिल्याच तारखेला ताबा मागणारा अर्ज कलम 29 दाखवून करावा. अशा शेतकऱ्याचे वकीलपत्र फी न घेता घेणारे वकील आपल्या चळवळीत प्रत्येक जिल्ह्यात आहेत.